कमानपाट्याची सुरी

मलप्पाच्या घराचं मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक लोखंडाचा तुकडा टेकवलेला असायचा. हातभर लांब, चार बोटं रुंद, पाठीला जरासा बाक. उमाबाई लग्न होऊन जळकोटला आली आणि तिच्या हातावरची हळद पुरती उतरायच्या आत मलप्पानं तो उदगीरच्या कारखान्यातून जीपच्या टपावर टाकून आणला होता. "एक दिवस ह्याची सुरी करणार," असं म्हणून त्यानं तो दाराशी ठेवला आणि मग ती जागाच त्याची झाली. मागचं अंगण झाडताना उमाबाईच्या अंगठ्याला तो कितीदा लागला याचा हिशेब महादेवाकडंच असेल.

"फेका की ती धोंड एकदाची!" ती करवादायची.

"धोंड न्हाई गं उमे. कमानपाटा हाय. ट्रकचं अख्खं ओझं असल्या पाट्यावर असतंय. तुझ्या अंगठ्याचं काय घेऊन बसलीस?"

मलप्पाचा सगळा जन्म असल्या पाट्यांत गेला. ट्रक-टेम्पोच्या कमानी, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, दुरुस्त करायचा तो कारखाना. मोडलेला पाटा काढायचा, भट्टीत लाल करायचा, ठोकून बाक द्यायचा, परत कडक करायचा आणि ट्रकखाली चढवून द्यायचा. भट्टीवर मलप्पा. त्याच्या उजव्या हातावर कधी केस नसायचे, धगीनं जळून गेलेले असायचे. संध्याकाळी घरी आला की आधी आंघोळ, मग कपाळाला भस्म, मग तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि मगच ताट. पूजेला बसलेला मलप्पा भट्टीपुढं बसल्यासारखाच दिसायचा. नजर हलायची नाही.

आयुष्यभर लोखंड ठोकलं, पण स्वतःसाठी म्हणून काही केलं नाही. सुरीचा विषय निघाला की त्याची आई म्हणायची, "लिंगायताच्या घरात विळी हाय, अडकित्ता हाय. सुरी कशाला रं? कुणाची मान कापायचीय?" उमाबाईनंही सासूचीच री ओढली. मलप्पा हसून गप बसला. गप बसणं त्याला छान जमायचं.

काम सुटलं आणि पुढं त्याला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग दुकानातून काय आणायचं ते, मग घरी यायची वाट. एकदा तो सकाळीच उठून उदगीरला गेला आणि कारखाना जिथं होता तिथल्या मोबाइलच्या दुकानापुढं मालकाची वाट बघत बसला. तिथवरही उमाबाईनं धीर धरला होता. पण एका सकाळी तिला त्याच्या गळ्यातलं लिंग फडताळात, साखरेच्या डब्याजवळ सापडलं. लिंग अंगावेगळं करायचं नसतं, हे ज्या माणसानं तिला लग्नात नव्यानं सांगितलं होतं, तोच माणूस तिच्याकडं बघून विचारत होता, "हे कुणाचं राहिलंय इथं?"

तिनं ते त्याच्या गळ्यात घातलं. दोऱ्याला आणखी एक गाठ मारली.

आणि मग तिचंही नाव गेलं. मलप्पाला एक थोरली बहीण होती, कधीच वारलेली. आता उमाबाई त्याची ती बहीण झाली. "अक्का, तुम्ही जेवलाव का?" असं तो अदबीनं विचारायचा. अहो-जाहो घालायचा. आयुष्यभर जो माणूस 'ए उमे' म्हणून ओरडत घरात शिरला, त्याच्या तोंडून 'तुम्ही' ऐकलं की ती उगाच चुलीकडं वळायची. संध्याकाळी अंधारून आलं की त्याचं एकच पालुपद, "अक्का, दिव्यात तेल घाला, लाईट गेली." लाईट असायची. तेल, तेल म्हणून तो घरभर फिरायचा. ती "घातलं, घातलं" म्हणून त्याला परत खाटेवर बसवायची.

लातूरच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, मेंदू वाळत चाललाय. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. हाताला काहीतरी काम देत जा, तेवढंच. लेक मंजुश्री लातूरलाच दिलेली. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईचा हात धरून म्हणाली, "अव्वा, आता अप्पांकडनं कसली आस धरू नको. तुलाच त्रास होतो."

"मी कुठं मोठी आस धरलीय?" उमाबाई म्हणाली. "एकदा नावानं हाक मारू दे. एकदाच. मग महादेवानं त्यांना कुठंबी न्यावं."

रोजच्या पूजेत तिचं मागणं तेवढंच होतं. बेल वाहायची आणि म्हणायची, "एकदा."

उन्हाळा सरता सरता ती मागचं अंगण झाडत होती. मलप्पा पायरीवर बसला होता. अचानक तो उठला, दाराचा कमानपाटा उचलला, एका टोकाला दोन बोटांत लटकवून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं त्यावर टिचकी मारली. पाटा घंटेसारखा वाजला. मलप्पानं आवाज विरेपर्यंत कान दिला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "आत कुठं फुटका न्हाई."

उमाबाईच्या हातातला झाडू तसाच राहिला. कित्येक महिन्यांत तो आगापिछा असलेलं वाक्य बोलला नव्हता. तिनं त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाची सुरी करायची. डोकं विसरलं असेल, हात विसरले नसतील. हात आले की मागोमाग माणूस येईल.

मलप्पाबरोबर भट्टीवर काम केलेला रामलिंग उदगीरला होता. त्याला निरोप गेला. तो मोटारसायकलवर ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा बांधून घेऊन आला, सोबत लांब दांड्याची सांडशी आणि कानस. हातोडा मलप्पाचा स्वतःचा घरातच होता. रामलिंगनं फुटक्या घमेल्याला आतून चिकणमाती लिंपली, बुडाशी भोक पाडून लोखंडी नळी बसवली. वारा कुठून आणायचा? मंजुश्रीचा केस वाळवायचा पंखा माळ्यावर पडून होता, तो नळीला चिंध्यांनी बांधला. इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा कोळसा आणला. लाईट गेली तर सुपानं वारा घालायचा.

"रामलिंग भाऊजी, पुढचं मला काय कळणार?" उमाबाई म्हणाली.

"तुम्हाला कशाला कळायला पायजे वहिनी? अण्णाला सगळं कळतंय. तुम्ही फक्त त्याच्या हाताकडं बघा. तोंडाकडं बघू नका, तोंड आता त्याच्या ताब्यात न्हाई."

शेजारची शरणम्मा भिंतीवरून मान काढून उभीच होती. "काय उमाबाई, म्हातारपणी लोहारकी काढली व्हय? आता आमच्या विळ्याबी लावून द्या की फुकटात!"

"तुमच्या जिभेला धार हाय तेवढी बास हाय, शरणम्मा. विळी कशाला लागती?"

शरणम्मा खळखळून हसली आणि संध्याकाळी वाटीभर आमटी घेऊन आली.

पहिल्यांदा भट्टी पेटवली तेव्हा काहीच झालं नाही. मलप्पा निखाऱ्यांकडं बघत बसला आणि विचारलं, "भाकरी कधी टाकणार अक्का?" दुसऱ्या वेळी त्यानं हातोडा उचलला, वजन तोलून पाहिलं, खाली ठेवला आणि झोपायला गेला. उमाबाई कोळसा विझवून, वेचून, वाळवून परत भरून ठेवायची. कधी कधी तिला स्वतःचीच कीव यायची. अख्ख्या गल्लीत धूर करून आपण हे काय मांडलंय, असं वाटायचं. तरी पूजा आटोपली की ती भट्टीपाशी यायची.

मग एका सकाळी तो न बोलावता आला. पाटा कोळशात खुपसला, पंखा सुरू करायची खूण केली. पाटा तापत गेला. उमाबाईला वाटलं, झाला लाल, आता काढावा. तिनं सांडशी पुढं केली.

"थांबा," मलप्पा म्हणाला. "अजून न्हाई. जास्वंद होऊ द्या."

लोखंड काळपट लाल झालं, मग कुंकवासारखं, मग खरंच उन्हातल्या जास्वंदीसारखं. त्यानं ते काढून रुळावर धरलं आणि हातोडा घातला. तो आवाज! उमाबाईनं कारखान्यात कधी पाय ठेवला नव्हता, पण तिला वाटलं हा आवाज आपल्याला लग्नापासून ठाऊक आहे. एक जोराचा, दोन हलके, एक जोराचा. ठिणग्या उडत होत्या तरी ती अजून जवळ सरकली.

"सरक! डोळं जातील!"

'सरका' नाही. 'अक्का' नाही. 'सरक'. उमाबाई आत गेली, देवापुढं बसली आणि पदर तोंडात घालून रडली. नाव आलं नव्हतं, पण नावाच्या उंबऱ्यापर्यंत माणूस आला होता.

त्यानंतरही बरे दिवस थोडे आणि वाईट फार. एखाद्या सकाळी अर्धा तास हात चालायचा, मग एकदम थांबायचा, आणि रुळावरचं लोखंड काळं पडेस्तोवर मलप्पा हातोडा धरून उभा. "हे काय करूलालोय आपण?" असं तो घाबरून विचारायचा. ती म्हणायची, "सुरी." तो म्हणायचा, "कुणाची?" ती म्हणायची, "तुमची." तो मान हलवायचा, पटल्यासारखी नाही, पाहुण्याच्या घरी हलवावी तशी.

पाट्याचा अर्धा भाग त्यानं तोडून बाजूला टाकला. उरलेल्यातून पातं लांबलं, टोक आलं, मुठीत बसायला शेपूट निघालं. कानशीनं तो पायरीवर बसून घासायचा. ते काम त्याला सोसायचं, त्यात आग नव्हती. श्रावण लागला तेव्हा सुरी सुरीसारखी दिसायला लागली होती. राहिलं होतं फक्त कडक करायचं. ते केल्याशिवाय धार टिकत नाही, एवढं उमाबाईलाही माहीत होतं. तिच्या माहेरी, बिलोलीकडं, लोहार विळे-खुरपी लाल करून दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवायचा. चर्र करून वाफ उठायची आणि पोरी ओरडत मागं पळायच्या.

श्रावणातल्या सोमवारी त्यांच्याकडं मठातले स्वामी पाद्यपूजेला यायचे. दरसालचा नेम. उमाबाईनं मनाशी गाठ बांधली, सुरी त्याच दिवशी पुरी करायची. साध्या पाण्यात नाही, स्वामींच्या पायांचं तीर्थ मिसळलेल्या पाण्यात. तीर्थानं माणूस शुद्ध होतो, मग लोखंडाला का गुण येणार नाही? आणि लोखंडामागून तिच्या माणसाला?

सोमवारी स्वामी आले. तिनं पाय धुतले, भस्म लावलं, बेल वाहिला. मलप्पानंही शहाण्यासारखे हात जोडले. स्वामी प्रसाद घेऊन गेल्यावर तिनं तांब्यातलं तीर्थ थोडं त्याला दिलं, थोडं स्वतः घेतलं आणि उरलेलं सगळं मागच्या अंगणात पाण्यानं भरलेल्या बादलीत ओतलं. वर बेलाचं पान सोडलं. मग भट्टी पेटवली.

आभाळ भरून होतं पण पाऊस नव्हता. मलप्पा त्या दिवशी चांगला होता. त्यानं पातं कोळशात फिरवत फिरवत तापवलं, टोक जळू नये म्हणून मागं-पुढं करत राहिला. जास्वंद झाली. त्यानं सांडशीत पातं उचललं आणि बादलीकडं पाठ करून घराकडं वळला.

"तेल," तो म्हणाला. "तेल कुठंय?"

उमाबाईला वाटलं, झालं. आभाळ अंधारलंय, ह्यांची सांज झाली. "दिव्यात घातलंय हो तेल. इकडं या. हे बघा, इथं पाणी."

"पाण्यात न्हाई. तेल आणा." त्याचा आवाज चढला. सांडशीचा हात त्यानं बादलीपासून लांब, पार मागं नेला.

"लाईट हाय की घरात! तीर्थ हाय ह्याच्यात, स्वामींचं तीर्थ. गार व्हायच्या आत घाला. एवढं एक ऐका माझं!"

ती घाईला आली होती. पात्याचा रंग उतरायला लागला होता, आणि तिला वाटलं, हा रंग उतरला की आपलं मागणंही उतरलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. तो मागं ओढत होता. वाळका असला तरी भट्टीवरच्या माणसाचा हात, जड होता. तिनं सगळा जोर लावून तो वळवला आणि पातं बादलीत घातलं.

चर्र झालं. वाफ दोघांच्या तोंडावर आली. बेलाचं पान गरगरलं. आणि वाफेच्या आवाजाखाली एक बारीक आवाज आला, टिक्. बांगडीला तडा जावा तेवढाच. उमाबाईला तो नीट ऐकूही आला नाही. मलप्पाला आला. त्याचा हात एकदम सैल पडला.

त्यानं पातं बाहेर काढलं. उजेडाकडं धरलं. अंगठ्याचं नख धारेवरून टोकाकडं नेलं आणि मध्यावर ते अडकलं. केसाएवढी काळी रेघ धारेपासून पात्याच्या अर्ध्यापर्यंत गेली होती.

"गेली," तो म्हणाला. मग त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. ओळखीचे डोळे होते ते. चिडलेले, आणि चिडण्याच्या मागं थकलेले. "पाण्यात कामून घातलीस, उमे? तेल म्हणलो की तुला."

अंगणात कुणाचंतरी कोंबडं फिरत होतं. पंखा नळीतून फू फू करत होता. महिनोन् महिने जे मागितलं ते समोर येऊन उभं होतं, आणि तिला ते हातात घेता येत नव्हतं.

"काय म्हणलात?" ती कशीबशी म्हणाली. "परत म्हणा. माझं नाव घेतलाव न्हव्हं? परत घ्या. शिव्या द्या, पर परत घ्या."

तो बघत राहिला. कपाळावरची आठी हळूहळू सुटली. चिडणं गेलं आणि त्याच्यासोबत सगळंच गेलं. त्यानं सांडशी हलकेच खाली ठेवली, हात धोतराला पुसले.

"अक्का," तो अदबीनं म्हणाला, "तुम्ही रडूलालाव कामून? कुणी बोललं का तुम्हाला?"

चार दिवसांनी रामलिंग आला. त्यानं पातं दोन बोटांत धरून टिचकी मारली. बद्द आवाज आला, फुटक्या मडक्यासारखा.

"वहिनी, कशात घातलीव ही?"

तिनं सांगितलं. तीर्थाचं सांगताना तिची मान खाली गेली. रामलिंगनं पातं पायरीवर ठेवलं. मग म्हणाला, "तीर्थाला दोष लावू नका. साधं पाणी असतं तरी हेच झालं असतं. विळ्याचं लोखंड वेगळं, कमानीचं वेगळं. ह्याला पाण्याचा गारवा सोसत न्हाई, भडकन फुटतंय. आम्ही जन्मभर तेलातच घातलो. अण्णा तर तेलाचा डबा जवळ असल्याबिगर भट्टीच पेटवू द्यायचा न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई व्हय तुम्हाला?"

"सांगितलं," उमाबाई म्हणाली.

पुढं विचारावं असं रामलिंगच्या मनात आलं असेल. त्यानं चहाचा कप उचलला.

तिनं तीर्थाला बोल लावला नाही, देवालाही नाही. तिनं मागितलं होतं ते त्यानं दिलं होतं. माणूस पुरता परत आला होता, कामासकट, अकलेसकट, बायकोच्या नावासकट. आणि तिनं त्याचं मनगट पिरगाळलं. 'हाताकडं बघा' असं रामलिंगनं बजावलं होतं. हात मागं ओढत होता, ते तिनं बघितलं होतं. बघून वळवला होता. पूजेला बसली की आता 'एकदा' हा शब्द तिच्या ओठावर येऊन थांबायचा. एकदा झालं होतं. आता कोणत्या तोंडानं मागायचं?

मंजुश्री फोनवर म्हणाली, "अव्वा, तुझी काही चूक न्हाई. अप्पा दिवसातनं धा वेळा तेल म्हणतात. कुणाला कळणार?"

"हाव," उमाबाई म्हणाली.

दसऱ्याच्या आधी तिनं परत एकदा भट्टी लावली. पाट्याचा तोडून टाकलेला अर्धा भाग दाराशी होता. करडीच्या तेलाचा डबा तिनं आधीच भट्टीशेजारी आणून ठेवला, झाकण काढून. मलप्पाला पायरीवर बसवलं, हातोडा त्याच्या मांडीवर ठेवला. तो आता फार वाळला होता. जेवताना घास हातात धरून त्याचं काय करायचं हे तो विसरायचा, मग ती भरवायची.

तिनंच कोळसा पेटवला. तिनंच पंखा लावला. पाटा काळपट लाल झाला, कुंकवासारखा झाला. ती त्याच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होती. हात मांडीवर पडून होते, पाखरू मरून पडावं तसे. जास्वंद झाली. तिनं स्वतः सांडशी घातली, पाटा उचलून त्याच्यासमोर धरला. धग त्याच्या तोंडावर आली तसा तो जरा मागं सरला.

"बघा, झाली का जास्वंद? ठोकायचं का आता?"

त्यानं हातोड्याला हात लावला नाही. तिचे हात भरून आले. पाट्याचा रंग कडेनं उतरायला लागला.

"बरं, ठोकू नका. नुसतं सांगा. हे कशात घालायचं? पाण्यात का तेलात? तुम्ही म्हणाल तसं करते. ह्या वेळंला तुम्ही म्हणाल तसंच. सांगा की, पाणी का तेल?"

मलप्पानं डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर परक्या घरी आलेल्या माणसाचा संकोच होता. पाटा सांडशीत काळा पडत गेला.

"तुम्हाला बरं वाटंल तसं करा, अक्का," तो म्हणाला.